बूथवरचा कोरा फळा

चंद्राबाई : मग मी दार उघडलं, तर शेजारची मनुबाई पिठलं-भाकरी घेऊन उभी. मला बघितलं आन् टोपलं खालीच ठेवलं तिनं.

मिलिंद : तू काय म्हणालीस, आये?

चंद्राबाई : काय म्हणणार? आत ये म्हणलं. तर म्हणती, "चंद्राक्का, तुमी हायसा व्हय?"

माया : आत्ती, हसू नका, ठसका लागेल.

मिलिंद : पर पिठलं कशापायी?

माया : मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. सकाळी लोकांनी फळ्यावर आत्तींच्या पायांचं वाचलं. तासाभरात बघतात तर फळा कोरा, म्हणजे आत्ती गेल्याच. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला टायफॉइड झाला होता तेव्हासुद्धा मी दोन शब्द लिहिले होते.

मिलिंद : एसटीडी बूथचा फळा हाय त्यो. तिथं दर लिहायचे. 'आज मेथी निवडताना पोरीनं गाणं म्हटलं, बरं वाटलं', असलं कोण लिहितं?

माया : मी लिहिते. काहीजण तर फोन न करताच वाचून जातात.

मिलिंद : त्येच म्हणतोय मी.

चंद्राबाई : पर पुसलं कुणी?

माया : विचारा की तुमच्या लेकाला.

मिलिंद : मीच. डेरीवर आप्पासो समद्यांम्होरं म्हणतोय, "मिलिंद गड्या, आमचे बी पाय चेप की."

चंद्राबाई : काय लिहिलं हुतंस गं?

माया : 'काल ह्यांनी आत्तींचे पाय चेपले. आत्ती घोरायला लागल्या तरी थांबले नाहीत. असं माणूस घरात आहे, बरं आहे.'

चंद्राबाई : मी घोरत न्हाई.

मिलिंद : उद्यापास्नं फकस्त दर. ठरलं.

माया : ठरलं तर ठरलं. मनुबाईंनी पिठलं आणायच्या आधीच साताऱ्याला वन्संनाही कळवलंय. आपल्याच बूथवरनं. नंबर तुम्हीच लावून दिलात.

मिलिंद : तोंडाला पदर लावून बोलत हुती. मला वाटलं, दाढ दुखती.

माया : आता मी साताऱ्याला फोन लावला तर त्यांच्या शेजारणीनं उचलला. वन्सं रडत अकराच्या एसटीत बसल्यात. जावईबापूही रजा काढून निघालेत.

चंद्राबाई : येऊ देत की. एरवी बोलवून येत न्हाईत.

मिलिंद : आये, ताई कोपऱ्यापास्नं हंबरडा फोडत येईल. गल्ली गोळा हुईल. माया, लिही पटदिशी, आई बरी हाय म्हणून.

माया : मी फक्त दर लिहिते.

मिलिंद : आण त्यो खडू. 'आई बरी आहे.' झालं.

माया : एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार?

चंद्राबाई : मनुबाईनं तर मला हात लावून बघितलं, तरी तिची खात्री पटंना.

माया : पुसलंय तेच लिहा. ते दिसलं की लोक समजतात, ह्यांच्या घरात सगळं नेहमीसारखं आहे.

मिलिंद : आप्पासो परत वाचंल.

चंद्राबाई : वाचू दे. त्याच्या आईला जाऊन इचार, ह्यानं तिच्या पायाला कवा हात लावलाय.

(मिलिंद 'आई बरी आहे' पुसतो आणि खडू पुन्हा उचलतो.)

मिलिंद : सरक जरा, माया. उजेड आडतोय.