जावयाचं वायरिंग

भूम-धाराशिव एसटीत पुढच्या बाकावर एक म्हातारबा आणि मांडीवर अवजारांची पिशवी घेतलेली एक पोरगी.

“आमच्या घरातलं वायरिंग तू करणार? शिकलीस कुठवर?”

“आयटीआय, दोन वर्षं. वर एक वर्ष अप्रेंटिस.”

“अन् परवाना?”

“हाय की. हा बघा.”

“ह्यो फोटो तुझाच कशावरून?”

“माझाच हाय, काका. घरात बिघडलंय काय ते तर सांगा.”

“नळाला हात लावला की झटका बसतोय. तुझी काकू दोन वर्षं झालं रबरी चप्पल घालून भांडी घासती.”

“आधीचं वायरिंग कुणी केलं?”

“जावयानं.”

“त्यांचा परवाना बघितला व्हता?”

“जावयाला कागद मागत्यात व्हय? तुझा दाखीव बरं परत.”