एका कंदिलाचा स्टॉल

हसणार असाल तर सांगत नाही. उल्हासनगरच्या कॅम्पात मालाचं प्रदर्शन भरलं होतं आणि आमच्या कंदिलाच्या कारखान्याचा स्टॉल उभारायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्याशा मासिकात जपानी घरांचे फोटो बघून मी भारावलो होतो. शेटजींना म्हटलं, "पताका नकोत, तोरणं नकोत. पांढऱ्या कागदाची भिंत, खाली पांढरी चादर, मधोमध एकच पेटता कंदील आणि शेजारी एक फूल. चपला बाहेर."

"आणि बाकीचा माल?"

"काही नको. लोक बघत राहतील."

लोक बघत राहिले. मग चपला काढून आत आले, कंदिलाला हात जोडून चादरीवर गप्प बसले आणि थोड्या वेळानं तसेच उठून गेले. किंमत एकानंही विचारली नाही. बदलापूर गावच्या एका आजीनं तेवढं विचारलं, "कधी गेले वो?"

इतक्यात परगावाहून परतलेले शेटजींचे थोरले भाऊ आले. चादर आणि कंदील बघताच त्यांनी शेटजींच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "कौन गया? मुझे खबर तक नहीं की?"

शरमेनं माझी मान खाली गेली. तसे ते माझ्याकडे वळले आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रो मत बेटा. तेरे कौन लगते थे?"