शुक्रवारची शिट्टी

हाफिज: ...म्हणून सांगतो, ते साल मी विसरणार नाही. दोन हजार चार. तुझ्या अब्बाचा निकाह झाला ते साल. काझींनी रजिस्टर पुढं सरकवलं, तुझ्या नानांनी उर्दूत झोकदार सही ठोकली, आणि मी अंगठा पुढं केला.

रिदा: दादाजान, तुम्ही टॉपिक चेंज करताय. तीन वाजायला दहा मिनिटं आहेत. रेडिओ ऑन करा.

हाफिज: ऑनच आहे गो. गरम होतोय.

रिदा: हा काय जुना टीव्ही आहे गरम व्हायला?

हाफिज: मग मी गरम होतोय असं समज.

रिदा: तीन शुक्रवार झाले. तीन! हॅम रेडिओचं लायसन येऊन महिना झाला. गच्चीवर एरियलची वायर बांधायला बिल्डिंगच्या नातूरला किती मस्का मारला मी. टाकीवर चढू देत नव्हता तो. आणि तुम्ही काय करता? ऐकता. नुसतं ऐकता.

हाफिज: आधी ऐकायचं, मग बोलायचं. पुस्तकात पहिल्या पानावर आहे. तूच वाचून दाखवलंस.

रिदा: हो, पण दुसऱ्या पानावर ‘मग बोलायचं’ पण आहे! रंगनाथ मास्तर दर शुक्रवारी तिकडून रत्नागिरीहून तुमचं नाव घेऊन हाका मारतात, आणि तुम्ही इथं कतारला वक्र्यात बसून माईककडं बघता. वर संध्याकाळी फोनवर सांगता, “मास्तर, काही आलंच नाही, हवा खराब होती.” जुम्मा पढून येऊन खोटं बोलता.

हाफिज: हळू बोल. तुझी अम्मी ऐकेल.

रिदा: अल रुवैसला बोटीवर तीस वर्षं तांडेल होतात ना? अब्बा सांगतो, वायरलेसवर तुम्ही ओरडलात की बंदरावरची मांजरं पळायची.

हाफिज: बोटीवरची गोष्ट वेगळी. तिथं बर्फ संपला, इंजिन बसलं, वारा फिरला, एवढंच सांगायचं. आपली माणसं, आपल्या शिव्या. हे वेगळं. इथं आधी आपलं कॉलसाइन सांगायचं. इंग्रजी अक्षरं. अल्फा सेव्हन फाइव्ह हॉटेल... हॉटेल कु... क्वी...

रिदा: क्विबेक.

हाफिज: कुठं आहे हे गाव तरी?

रिदा: कॅनडात.

हाफिज: तिथल्या लोकांना तरी नीट घेता येत असेल का नाव?

रिदा: दादाजान, परीक्षेला तिसऱ्या वेळी पास झालात. कॉइल, कपॅसिटर सगळं पाठ केलंत माझ्याबरोबर. आणि एका क्विबेकसाठी अडून बसलात?

हाफिज: तुला नाही कळायचं. ऐक. निकाहच्या दिवशी माझ्या अंगठ्याला ती निळी शाई लागली, धुतली तरी जाईना. अंगठा मुठीत धरून बिर्याणी खाल्ली मी. कोणाला दिसलं नाही. मास्तरांना दिसलं. तुझ्या अब्बाचे मास्तर म्हणून दावतीला बोलावलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावी साखरतरच्या जेटीवर हजर. बगलेत पाटी. म्हणाले, “तांडेल, सुट्टी किती दिवसांची?” म्हटलं, दोन महिने. म्हणाले, “पुरे.”

रिदा: तेव्हा तुम्ही किती वर्षांचे?

हाफिज: एकोणपन्नास. जाळं शिवता शिवता शिकलो. आणि मास्तर असे खट, दहातले चार द्यायचे. म्हटलं, मास्तर, एक तरी जास्त द्या, उद्या विमान आहे माझं. म्हणाले, “विमान आहे म्हणून ‘क’ सरळ होत नाही.” त्या माणसासमोर मी आता अडखळू? सगळ्या जगानं ऐकत असताना? हे मी त्यांच्यासाठीच केलं गो. म्हटलं, एकदा तरी त्यांच्यासमोर न चुकता बोलायचं. थोडी तयारी होऊ दे. पुढच्या शुक्रवारी—

रिदा: पुढचा शुक्रवार नाहीये.

हाफिज: म्हणजे?

रिदा: मला सांगायचं नव्हतं. ज्ञानदामावशीचा व्हॉइस नोट आला काल. मास्तरांच्या मुलीचा. त्यांचा घसा बसलाय ना, तुम्ही म्हणत होता सर्दी आहे...

हाफिज: सर्दीच आहे. पावसाळ्यापासनं आहे.

रिदा: सर्दी नाहीये. सोमवारी कोल्हापूरला ऑपरेशन आहे. आवाजाची पेटी काढणार आहेत. ऑपरेशननंतर ते बरे होतील इन्शाल्ला, पण... बोलता नाही येणार. कधीच. मास्तरांनी तिला सांगितलं होतं, हाफिजला कळवू नकोस. तो दया म्हणून बोलला तर मला नको, त्याला यायचं तेव्हा येऊ दे.

हाफिज: पाणी दे जरा.

रिदा: घ्या. दादाजान? सॉरी.

हाफिज: सॉरी काय त्यात. किती वाजले?

रिदा: तीनला दोन कमी. तिकडं साडेपाच होतील.

हाफिज: ट्यूनचं बटण... हे. थांब.

रिदा: अहो, बाजूला सरकवून ट्यून करा! त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर नको. शिट्टी जाते, लोकांच्या कानात बसते ती. मॅनर्स नाहीत म्हणतात त्याला.

हाफिज: दोन सेकंदांची शिट्टी. दर वेळी इथंच करतो मी. कोण ऐकतंय?

मास्तर: आली. चौथा शुक्रवार. हे व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ झुलू, रत्नागिरीहून. हे जे कोण स्टेशन दर शुक्रवारी बरोबर साडेपाचला दोन कमी असताना माझ्या फ्रिक्वेन्सीवर शिट्टी मारून पळून जातं, त्याला सांगणं आहे. मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. शेवटच्या बाकावरून शिट्टी कोण मारतो, हे मला फळ्याकडं तोंड असतानाही कळायचं. ओव्हर.

रिदा: या अल्लाह. त्यांना माहितीये!

हाफिज: चारही वेळा...

रिदा: बोला ना! बटण दाबा. अंगठ्यानं दाबा, यल्ला!

हाफिज: मास्तर. हाफिज. हजर.

रिदा: कॉलसाइन!

मास्तर: हजेरी घेत नाहीये मी. नाव-गाव सांगितल्याशिवाय उत्तर देणार नाही. आधी कॉलसाइन, मग काय ते. पुन्हा. ओव्हर.

हाफिज: व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ झुलू, हे अल्फा सेव्हन फाइव्ह हॉटेल... हॉटेल क्वी... क्वीबेक. हाफिज. अल वक्रा, कतार. ओव्हर.

मास्तर: आता कसं. क्वीबेक तर क्वीबेक, पोचलं. हाफिज, तुझा आवाज इथं चार-पाच येतोय. चार म्हणजे बहुतेक सगळं कळतंय, पाच म्हणजे जोर बेताचा. सगळे एकमेकांना पाच-नऊ वाटत सुटतात, लग्नातल्या अक्षतांसारखे. मी वाटत नाही. वायर उंच कर. ओव्हर.

रिदा: चार-पाच? एवढं करून?

हाफिज: चूप. चार म्हणाले. दहातले चार द्यायचे ते आता पाचातले चार दिले. मास्तर, तुम्हाला पण... तुमचा आवाज पाच-नऊ आहे. ओव्हर.

मास्तर: खोटं. मी फुटक्या भोंग्यासारखा बोलतोय, मला ऐकू येतंय. खरा आकडा सांग. ओव्हर.

हाफिज: चार-सात. घोगरा आहे. ओव्हर.

मास्तर: शाब्बास. लॉगमध्ये तेच लिही, स्वतःच्या हातानं. आता ऐक. ज्ञानदानं सांगितलं ना तुला? तिच्या पोटात काही राहत नाही. तर सोमवारनंतर माझं बोलणं बंद. पण हात शाबूत आहे. आमच्या वेळी मोर्स आल्याशिवाय लायसन मिळत नव्हतं, त्यामुळं मी ठोकत राहीन. ते ऐकायला तुला अक्षरं दुसऱ्यांदा शिकावी लागतील. डिट आणि डा, आखूड आणि लांब. ओव्हर.

हाफिज: मास्तर, मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. ओव्हर.

मास्तर: जेटीवर पण असंच काहीतरी म्हणाला होतास. सुट्टी किती दिवसांची? ओव्हर.

हाफिज: आता सुट्टीच आहे मास्तर. ओव्हर.

मास्तर: पुरे. आता दहा मिनिटं नुसतं बोल. साखरतरचं, समुद्राचं, काही पण. मी मधे मधे बोलतो. मला बोलून घेऊ दे जरा. ओव्हर.

(चार महिन्यांनी. तीच खोली, शुक्रवार दुपार.)

रिदा: आज ट्यून नाही केलंत?

हाफिज: केलं. बाजूला सरकवून.

रिदा: करक चहा आणलाय. गरम आहे तोवर घ्या. मागच्या शुक्रवारची ओळ लॉगमध्ये रिकामी आहे, दादाजान. मी प्रॅक्टिकलला गेले होते. भरायची का?

हाफिज: मुद्दाम ठेवली होती. तू आल्यावर सांगून मग लिहीन म्हटलं.

रिदा: सांगा ना. आले होते मास्तर?

हाफिज: आले. पण लांबून आल्यासारखे. माडावरची वायर सुटली होती म्हणे, ज्ञानदानं खिडकीच्या गजाला बांधून दिली. आणि ठोकणं तुटक. एक डा लांबला की दुसरा तुटायचा. मी हेडफोन कानावर दाबून बसलो होतो. चमचा वाजवून वाजवून शिकलो ना मी, तुझा अब्बा किती चिडायचा जेवताना...

रिदा: “अब्बा, डाळ खा, मेसेज नको पाठवू.”

हाफिज: तेच. तर ते मराठीत ठोकतात, इंग्रजी अक्षरांनी. म्हणाले, कसा येतोय मी?

रिदा: म्हणजे रिपोर्ट विचारला.

हाफिज: हां. मोर्समध्ये तीन आकडे. किती कळतं, किती जोर, आणि सूर कसा. माझा हात आपोआप पाचावर गेला. पाच म्हणजे पाच डिट. म्हटलं, देऊन टाकू पाच-नऊ-नऊ. आजारी माणूस. कोणाचं काय जातंय?

रिदा: बरोबरच आहे. मी पण तेच दिलं असतं.

हाफिज: चौथ्या डिटवर थांबलो.

रिदा: का?

हाफिज: विमान आहे म्हणून ‘क’ सरळ होत नाही. मग चूक झाली म्हणून आठ डिट दिले, खोडण्यासाठी. आणि जे होतं ते दिलं. तीन-तीन-नऊ. मुश्किलीनं कळतंय, जोर नाही, सूर मात्र स्वच्छ.

रिदा: दादाजान! त्यांना वाईट वाटलं असेल.

हाफिज: मला पण तेच वाटलं. नुसती खरखर. म्हटलं, हवा बिघडली, नाहीतर रागावले. मग आलं. एक एक अक्षर. बी, ए, आर, ओ, बी, ए, आर.

रिदा: बरोबर.

हाफिज: हां. आणि त्यामागून माझा रिपोर्ट.

रिदा: काय दिलं?

हाफिज: पाच-नऊ-नऊ.

रिदा: खरंच? म्हणजे... कदाचित असंच दिलं असेल. प्रेमानं.

हाफिज: रिदा, वीस वर्षं त्या माणसानं मला उगाच एक मार्क दिला नाही. मी वायर दोन हात उंच केली होती, बुधवारी, नातूरला धरून. पाच-नऊ-नऊ असणारच.

रिदा: हो. असणारच.

हाफिज: दे ती वही. पेन पण दे.

रिदा: मी लिहू? तुम्ही सांगा.

हाफिज: नको. स्वतःच्या हातानं लिहायचं ठरलंय. सात फेब्रुवारी... तीन वाजता... व्ही यू टू आर झेड... दिला, तीन-तीन-नऊ. मिळाला, पाच-नऊ-नऊ. झालं.

रिदा: आणि आजची ओळ?

हाफिज: आज तासभर ऐकलं. त्या जागेवर कोणी नाही.

रिदा: कॉन्टॅक्ट झाला नाही तर लॉगमध्ये लिहीत नाहीत, दादाजान.

हाफिज: शेवटी शेऱ्याचा रकाना आहे ना? तेवढा लिहितो. ‘क’ बघ जरा, सरळ आलाय का.

रिदा: सरळ आहे. वाचून दाखवा.

हाफिज: “कळविण्यास दुःख होते की रंगनाथ मास्तर, रत्नागिरी, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी वारले.”