बोरदऱ्याच्या बारवेवरची फरशी

बसा मंडळी, बसा! आधी सांगा — देवाची समई पळवली, त्याला काय म्हणाल? चोर! बरोबर. आणि ज्यानं समई दिली, त्याचं नावच पळवलं तर? त्याला काय म्हणाल?

मग ऐका! मौजे बोरदरा. तिथं जुनी बारव, पायऱ्यापायऱ्यांची विहीर. आणि तिथं आल्या कुमुदिनीबाई सातपुते, रिटायर मास्तरीण. गावोगाव फिरायचं, जुने शिलालेख वाचायचे, वहीत उतरवून घ्यायचे — एवढाच बाईंचा नाद.

बारवेच्या कमानीवर लेख होता. पण दिसेल कसा? दर दिवाळीला गावकऱ्यांनी त्यावर ऑइल पेंट फासलेला! भक्ती हो, भक्ती! बाईंनी चिंधी घेतली, टर्पेंटाइन घेतलं, आणि एकेक ओळ मोकळी करू लागल्या. एक ओळ निघाली — शक. दुसरी निघाली — ‘पाणी नाही, माणसे गाव सोडती.’ तिसरी — ‘म्हणोन आपले डाग मोडून बारव बांधिली.’ अहो, कुण्या माउलीनं अंगावरचं सोनं मोडून गाव जगवलं! बाईंचे डोळे भरून आले. चौथी ओळ सुरू झाली — ‘बांधणार बाई…’

तेवढ्यात आले जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष, दिगंबरराव. मागं मिस्त्री, हातात फरशी.

“बाई, सरका. अकराला पाहुणे येणार.”

“साहेब, एक तास द्या! तिचं नाव तेवढं राहिलंय.”

“माल कालवलाय, तो वाळतोय!”

मिस्त्री बिचारा म्हणाला, “मालक, दुसरा कालवतो की. वाचू द्या बाईंना.”

“तू बसव रे!”

आणि बसवली! थापी मारून लेखावरच बसवली! काय होतं फरशीवर? ‘कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ — दिगंबररावांकडून सप्रेम भेट!’ अरे, सप्रेम? जिनं पाणी पाजलं तिच्या तोंडावर सिमेंट थापता, आणि वर सप्रेम? लाज नाही वाटत?

बाई भांडल्या. कोण ऐकतो? पाहुणे आले, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. पायरीवर बसून बाईंनी वहीत लिहिलं — ‘बांधणारीचं नाव : फरशीखाली.’

दिगंबररावाला हसू नका! मान वर करा. या देवळातल्या पंख्यावर कोणाचं नाव? घड्याळावर? घंटेवर? सगळं तोंडपाठ आहे तुम्हाला! आता सांगा, हे देऊळ पहिल्यांदा कोणी बांधलं? … एकालाही ठाऊक नाही?

माझ्या पाया नंतर पडा. आधी त्या खांबावरच्या लेखावर फासलेला रंग खरवडा — आणि मग घ्या देवाचं नाव!