शेळीची लस आणि विमलबाईंचा तिळगूळ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. खरं बोलणाऱ्याला पाप लागतं का?

बोला की! पुढचे आजोबा मान हलवतात, नाही म्हणे. आणि मागून एक ताई म्हणाल्या, लागतं. ताई, तुम्ही एकत्र कुटुंबात नांदलेल्या दिसता.

खोटं बोललं तर पाप, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण माणूस खरं बोलला, अगदी शंभर टक्के खरं, आणि त्याच खऱ्यापायी एका लेकराचं नुकसान झालं — मग? तो दोष कुणाच्या पदरात घालायचा? ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं की तुमचेच चार सोयरे तिथले निघतील आणि मला प्रसादालाही कुणी विचारणार नाही. त्या गावात एका घरात दोन जावा. थोरली विमल, धाकटी रेणुका. चुली वेगळ्या, अंगण एक. विमलबाई अंगणवाडीत होत्या. कामाला चोख, हुशार, गावातल्या कुठल्या पोराला कधी टोचायचं ते तोंडपाठ. आणि ते तोंड? ते सुरू झालं की समोरच्यानं मुकाट्यानं चप्पल घालावी.

रेणुकाला आधी एक मुलगा झाला होता. शंभू. त्याला लस टोचून आणली आणि संध्याकाळी त्याचं अंग तापलं. आता लस टोचली की लेकराला कणकण येते, एखाद-दुसऱ्या दिवसात उतरते. शंभूचाही ताप उतरला. पण पुढं पावसाळ्यात त्याला जुलाब लागले, ओढ्याला पाणी, दवाखाना पलीकडं. पोर वाटेतच गेलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, त्या तापाचा आणि या जुलाबाचा काय संबंध? काहीच नाही! पण आईचं मन आहे ते. ती बिचारी मागं मागं जात राहिली, की माझं हसतं-खेळतं लेकरू पहिल्यांदा कळवळून रडलं कधी? टोचलं तेव्हा. झालं, तिथं गाठ बसली. ती गाठ तिनं कुणाला दाखवली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. लोक आले, बसले, "देवाची मर्जी" म्हणाले, चहा पिऊन गेले.

मग जाई झाली. पोरगी अशी, की देवळात मृदंगावर थाप पडली की पाळण्यात दचकायची आणि दुसऱ्या क्षणाला हात नाचवायची. विमलबाईंना दोन मुलगेच, त्यामुळं जाईवर भारी जीव. दिवसभर पोर थोरलीच्या मांडीवर. पण लसीचा दिवस आला की रेणुकाचं काही ना काही निघायचं. आज पोरीला सर्दी आहे. आज माहेरी जायचंय. एकदा तर नर्सबाई दारात आणि ही पोरीला पाठीशी बांधून शेळ्यांमागं माळावर!

विमलबाईंचा जीव तुटायचा. राग यायचा तो मायेपोटीच यायचा, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्या बाईला वाईट समजू नका.

संक्रांत आली. अंगणात हळदीकुंकू. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या, विमलबाई एकेकीच्या हातावर तिळगूळ ठेवताहेत. तिळगूळ घ्या, गोड बोला. तिळगूळ घ्या, गोड बोला. रेणुकाची पाळी आली. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विमलबाई म्हणाल्या, "रेणुका, परवा जनावरांचे डॉक्टर आले, तर रांगेत उभी राहून शेळ्यांना लस टोचून आणलीस. मग पोरीलाच का नको गं? पोरगी दूध देत नाही म्हणून?"

हसलात?

हसा, हसा. वाक्यच तसं आहे. तिथंही बायका अशाच हसल्या. एकजण तर हसता हसता वाण सांडून बसली. आता मला सांगा, विमलबाई खोटं बोलल्या का? एक अक्षर खोटं नाही. शेळ्यांना टोचलं होतं, पोरीला टोचलं नव्हतं. सगळ्या अंगणात त्या एकट्याच बरोबर होत्या.

रेणुका हसली नाही. तिनं तो तिळगूळ खाल्ला नाही, टाकलाही नाही. पदराच्या टोकाला बांधला, जाईला कडेवर घेतलं आणि आत गेली. दार लोटलं. दुसऱ्या दिवसापासून जाई थोरलीच्या मांडीवर यायची बंद झाली.

त्या संक्रांतीपर्यंत तिला लसीची नुसती भीती होती. भीतीला कुणी हात धरून बसलं की ती थोडी थोडी कमी होते. पण चारचौघींत हसं झाल्यावर तिथं हट्ट येऊन बसला. आता टोचून घेणं म्हणजे जावेपुढं हरणं. टोचायची होती लस, मंडळी, आणि टोचले गेले शब्द!

चैत्रात गावात गोवर आला. ज्यांना टोचलं होतं ती लेकरं बहुतेक सुखरूप राहिली. जाईच्या अंगावर मात्र पुरळ उठलं, ताप चढला, डोळे उघडेनात. विमलबाईच दार ढकलून आत शिरल्या, गाडी बोलावली, तालुक्याला नेलं. दोघी जावा त्या खाटेजवळ बसून होत्या, एकमेकींशी न बोलता. पोर वाचली. देवाची कृपा, डॉक्टरांची कृपा, पोर घरी आली.

एके दिवशी जाई अंगणात खेळत बसलेली. तिच्या पाठीमागं रेणुकाच्या हातून पाण्यानं भरलेली कळशी निसटली. फरशीवर असा आवाज, की कोंबड्या उडाल्या, थोरली ओट्यावरून उठून धावत आली.

जाई वळली नाही.

रेणुकानं ताट वाजवलं. डबा वाजवला. "जाई, ए जाई!" पोरगी आपल्या मातीत रेघोट्या मारतेय. गोवर गेला होता, पण जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला होता.

पुढची संक्रांत आली. अंगणात हळदीकुंकू नव्हतं. विमलबाई तिळगुळाची वाटी घेऊन धाकटीच्या दारात गेल्या. गोड बोल म्हणायला तोंड उघडेना. खाली बसल्या. आणि म्हणाल्या, "रेणुका, तुला कसली भीती वाटत होती गं?"

रेणुकानं सगळं सांगितलं. शंभूचं रडणं, ताप, ओढा. विमलबाई ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, तो ताप तर दुसऱ्याच दिवशी उतरला होता. शंभू लसीनं गेला नाही, जुलाबानं गेला. तू टोचून आणलंस म्हणून काही झालं नाही, बाई. तुझं काही चुकलं नव्हतं."

रेणुका रडली. किती वर्षांनी कुणीतरी तिला हे सांगत होतं. आणि डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "जाऊबाई, हे तुम्ही मागल्या संक्रांतीला विचारलं असतं, तर पोरगी मीच तुमच्या मांडीवर आणून दिली असती. तुम्ही चल म्हणाल तिथं आले असते."

विमलबाईंच्या मनाला ती टोचणी लागली, ती आजही आहे. त्यावर कुठल्या डॉक्टराकडं लस नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. नको, राहू दे.

मघाशी सरपंच माझ्या कानात म्हणाले, बुवा, उद्या शाळेत लसीकरण आहे, जरा सांगा. मी विचारलं, जी घरं येत नाहीत त्यांना तुम्ही काय म्हणता? म्हणाले, काय म्हणायचं, अडाणी आहेत. सरपंच, रागावू नका, पण आज घरी जाताना त्यातल्या एका दारात टेका. अक्कल शिकवू नका. विचारा, कसली भीती वाटते? आणि सांगून होईपर्यंत गप्प बसा. मग काय सांगायचं ते सांगा, हाताला धरून शाळेपर्यंत चला. हे सरपंचांनाच नाही, मघाशी हसलेल्या सगळ्यांना सांगतोय.

तो खांबाजवळ एका ताईंच्या मांडीवर तान्हा जीव झोपलाय. आता मृदंगावर थाप पडेल आणि तो दचकेल. ताई, त्याच्या कानांवर हात ठेवू नका. दचकू दे त्याला. त्याला ऐकू येतंय, मंडळी, अजून ऐकू येतंय.

वाजवा, मृदंगमणी.