रोज सव्वादहाला मरणारा माणूस

—नाही हो ताई, चिकटवून नाही देणार मी. चिकटवायचंच असेल तर वर रस्त्यावर कोणीही देईल, आणि पुढच्या चौकात तुम्ही परत लंगडायला मोकळ्या. पट्टा मुळापासून निघालाय, शिवावा लागेल. काय म्हणालात, दुहेरी दोऱ्यानं? वा! हे कोणी शिकवलं तुम्हाला— बरं, बरं, सांगा मग, आधी बसा. स्टूल डुगडुगतं, पण अजून कोणाला पाडलेलं नाही. पाय उघडे खाली ठेवू नका, खिळे असतात. पायात दुसरे बूट आहेत? मग शहाण्या आहात. बाकीचे सगळे कागदासारख्या तळाच्या चपला घालून येतात आणि म्हणतात, अख्खं जुनं शहर पायी बघायचंय. पायी! जागोजागी पाट्या लावल्यात, ‘पायी फिरा’ म्हणून. काय घालून फिरा, ते कोण लिहिणार? ते दगड जुने आहेत, त्यांवरून मालाच्या हातगाड्या जायच्या, खरखरीत होते, पाय धरून ठेवायचे. यांनी हौसेनं घासून गुळगुळीत केले— फोटोत चमकायला हवेत ना! आता रोज कोणीतरी आपटतं आणि तुटकी चप्पल घेऊन माझ्याकडे येतं. म्हणजे माझा धंदा चालतो म्हणा, पण असला धंदा नको मला.

आणि प्रश्न! दिवसभर प्रश्न. दीपगृह कुठाय, जकातघर कुठाय, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो. अरे बाबा, मी चांभार आहे, सूर्यास्त दिसायला मान वर करावी लागते आणि माझी मान चाळीस वर्षं खाली आहे! काल एकजण आला, माझ्या हातांचा फोटो काढला. हातांचा. चेहरा नको म्हणाला. मी म्हटलं, पायताण काढू का, त्याचाही घ्या. तर खरंच म्हणाला, ‘चालेल.’ काय बोलणार अशा माणसाशी? —ते होय? वरच्या फळीवरचे बूट? ते विकाऊ नाहीत. नाही, कोणाचेही नाहीत. राहिलेत असेच. जरा ती आरी द्या इकडे, लाकडी मुठीची. हां.

माझं खरं दुकान इथं नव्हतंच, ताई. पायऱ्यांखालच्या या बिळात कोण हौसेनं बसेल? धक्क्यासमोर होतं, आजोबांपासून. खलाशी जहाजावरून उतरले की आधी आमच्याकडे, मग घरी. आता तिथं कॉफी मिळते. दाराशी पितळी पाटी बघितली असेल तुम्ही— बघितलीच असणार, शहर दाखवत फिरते त्या पिवळ्या छत्रीवालीच्या घोळक्यातल्या ना तुम्ही? मग ती तिथं थांबली असेल. थांबतेच. सव्वादहा वाजता. आज जरा उशिरा, दहा वीसला, चौदाजण होते आणि आवाज बसलाय तिचा, तिसरा दिवस आहे— नाही हो, मी कशाला लक्ष ठेवू! वारा इकडे येतो, आवाज येतो. तर काय सांगितलं तिनं? थांबा, मीच सांगतो. ‘इथं खलाशांचे बूट शिवणारे एक कारागीर बसत. तीन पिढ्यांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी ते वारले.’ असंच ना? वारले! मी हा इथं तोंडात दोरा धरून बसलोय, आणि तिकडे मला रोज सव्वादहाला पोचवतात. सुट्टीच्या दिवशी दोनदा.

हसू नका. माझी मुलगी आहे ती.

झालं काय, धक्क्यावर गाड्या बंद करून चालायचा रस्ता करायचं ठरलं, तेव्हा ही ते ठरवणाऱ्या कचेरीतच नोकरीला, छत्री नंतर हातात आली. आमच्या ओळीतली दुकानं हलवायची म्हणून कागद निघाला, आणि तो घेऊन आलं कोण? हीच. दुसरं कोणी आलं असतं तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं. म्हणाली, ‘बाबा, मागे जागा मिळतेय, पावसाचं पाणी शिरत नाही, सही करा. नाहीतर नंतर तीही मिळणार नाही.’ खरंच होतं ते, आता कळतं— पण त्या वेळी माझं डोकं फिरलं. माझी लेक मला माझ्याच दारातून उठवते? म्हटलं, ‘या दारावर दुसऱ्याची पाटी लागेल त्या दिवशी मी मेलो असं समज.’ माणूस रागात बोलतो हो! कोण धरून बसतं? हिनं धरलं. जन्मात माझं एक ऐकलं नाही पोरीनं, अभ्यासाचं नाही, लग्नाचं नाही. ऐकलं ते एवढंच. तिची आई असती तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती तिनं.

एकदा गेलो ऐकायला. टोपी खाली ओढून, उंच लोकांच्या मागे. स्वतःचं मरण ऐकायला मिळतं का कोणाला? तिनं बघितलं मला. छत्री जराशी हलली. वाटलं, आता थांबेल, आता ‘बाबा’ म्हणेल. कुठलं! उलट वाढवून सांगितलं— ‘हात फार हळुवार होते त्यांचे, जीभ तेवढी नव्हती. समोरच्याला बोलूच द्यायचे नाहीत.’ सगळे हसले. मीही हसलो, चुकून. मग आलो परत. मी का हाक मारू? मेलेल्या माणसानं हाक मारायची असते का? तिनं यावं. वीस पायऱ्या उतरायच्या, वीस!

घ्या, झाली. दुहेरी दोऱ्यानं शिवलीय, ही चप्पल झिजेल पण पट्टा सुटणार नाही. घालून बघा. ते बूट काढा, ठेवा इथं बाजूला—

हा बूट कुठला तुमचा?

नाही, थांबा. द्या इकडे. डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय... लहानपणापासून तशीच चालते ती, कितीदा ओरडलो असेन. आणि हा आतला टाका माझा आहे, ताई. मी शिवलेत हे, तिच्या पहिल्या नोकरीला. तळ बघा कसा चिकटवून घेतलाय कुठूनतरी, डिंक बाहेर आलाय सगळा. बरोबर आहे, मेलेल्या माणसाकडे दुरुस्तीला कसं यायचं? आता तुम्ही बोला. मघापासून काहीतरी सांगताय, मी बोलूच देत नाही तुम्हाला. तुमचा पट्टा तुटला, तिनं पायातले काढून दिले? पायऱ्यांखाली जा म्हणाली? दुहेरी दोरा— हो, तिनंच सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार.

आणि ती काय घालून उभी आहे?

म्हणजे? त्या तापलेल्या दगडांवर? अनवाणी?

सरा बाजूला, ताई. फळीवरचे ते बूट द्या, तुमचा हात पोचतो. नाही, तुमच्याकडे नाही देणार, मी येतो. तिच्याच मापाचे आहेत, दुसऱ्या कोणाचे असणार? दुकान? राहू द्या उघडं. मेलेल्या माणसाच्या दुकानात कोण चोरी करतंय? चला, व्हा पुढे— आणि वर गेल्यावर मी फार बोलायला लागलो, तर मागून कोट ओढा माझा.