ठिपक्याच्या कुर्ल्या

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं, वारा पडलेला, अंगाला नुसता घाम. तशातही मुंबईचे प्रोफेसर आमच्या खाडीच्या चिखलात गुडघाभर उभे. खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, किती, ते फिरतात कुठे, हे त्यांना शोधायचं होतं. महिन्यापूर्वी त्यांनी चाळीस कुर्ल्या पकडून पाठीवर सफेद रंगाचा ठिपका दिला आणि परत सोडल्या. पाटलांनी गावाला ताकीद दिली, "ठिपक्याची कुर्ली सरकारी. कोणी हात लावायचा नाय!"

आता प्रोफेसर त्याच कुर्ल्या पकडून मोजत होते. एकदम मटकन बांधावर बसले. "धोंडूबा, सोडल्या चाळीस आणि सापडल्या साठ! माझं सगळं संशोधन पाण्यात गेलं हो."

माणूस भला. मला राहवेना. म्हटलं, "साहेब, त्यातल्या वीस माझ्या."

"तुमच्या? म्हणजे?"

"होडीचा सफेद रंग उरला होता. माझ्या दारापुढच्या कुर्ल्यांना लावला. म्हटलं, सरकारी झाल्या की दुसरा कोणी नेणार नाय, माझ्या कालवणाला राहतील."

रागावतील वाटलं, तर प्रोफेसर उठून मला मिठीच मारायला आले. "म्हणजे माझ्या चाळीसच्या चाळीस जागेवर! धोंडूबा, तुमचा गाव मोठा प्रामाणिक. एकसुद्धा कोणी खाल्ली नाही!"

शेजारचा सखाराम बांधावरून सगळं ऐकत होता. तो हळूच माझ्या कानाशी आला.

"दादा, वीस तुझ्या, चाळीस त्यांच्या. मग महिनाभर मी ठिपक्याच्या खाल्ल्या त्या कोणाच्या रे?"